आठवा काटा

"मास्तर, जरा जोरात म्हणा. तुमचा काटा निजलाय."

"काटा निजला असेल, मी जागा आहे," मास्तर माइकवर टिचकी मारत म्हणाले. "चाळीस वर्षं वर्गात ओरडलोय. तुमच्या यंत्राला ऐकू येत नसेल तर त्याचे कान धरा, माझे कशाला धरता?"

गाणारे हसले. कोपऱ्यातल्या टेबलामागचे माइकवाले काका हसले नाहीत. त्यांनी वायर बदलली, मग माइक बदलला. मास्तरांचा आवाज प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर नेहमीसारखा आदळत होता, पण मिक्सरवरचा, आवाज मोजणारा त्यांचा दुसरा काटा आडवा तो आडवाच.

आठ गाणारे, आठ माइक, आठ काटे. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. आठवडाभर काका दुकानात पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करत आणि सुटीच्या दिवशी सकाळी इथे येऊन बसत. आठवी जागा त्यांच्या बायकोची होती. ती जाऊन अकरा महिने झाले होते. तिच्या जागी कुणी उभं राहत नव्हतं, पण तिचा माइक काकांनी काढला नव्हता. दर आठवड्याला ते तो लावत, तिच्या उंचीइतका खाली करत आणि बटण चालू ठेवत. कुणी विचारलं तर म्हणत, "राहू दे. वायर ओढायचा त्रास नको."

प्रार्थनेचं शेवटचं कडवं सुरू झालं. गावातल्या लहानथोरांना ते पाठ होतं: गेलेल्यांनो, या, तुमची जागा राखली आहे.

आठवा काटा हलला.

काकांनी हेडफोन कानावर चढवले. आधी श्वास ऐकू आला. मग आवाज, इतरांहून अर्धी मात्रा मागे. बायको अशीच गायची. "मागून गेलं की चूक कुणाच्या लक्षात येत नाही," असं तिचं म्हणणं होतं. कडवं संपलं आणि ती रोजच्या स्वरात म्हणाली, "नीट येतोय का हो आवाज?"

सव्वीस वर्षं तिने तिकडून हे विचारलं होतं आणि काकांनी इकडून अंगठा वर केला होता. आताही त्यांचा अंगठा वर गेला. समोर माइकच्या दांड्यामागे कुणीच नव्हतं.

मास्तर बुधवारी गेले. चहा प्यायले, पेपर उघडला आणि मान टाकली.

पुढचे पाच आठवडे आठवा काटा हलला नाही. काका घरी ताटावर बसत आणि न जेवता उठत. दुकानात एकाच इस्त्रीचे स्क्रू काढत आणि पुन्हा बसवत. सहाव्या आठवड्याला तो श्वास पुन्हा आला. त्या दिवशी काकांनी दुसरं काही पाहिलं नाही, डोळे मिटून ऐकत राहिले. सगळे निघून गेल्यावर त्यांना आठवलं, की पाचवा काटा सबंध वेळ आडवा पडला होता. तो शिवणकाम करणाऱ्या मावशींचा. मावशी शुक्रवारी मशीनवरून उठताना कोसळल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

आता काकांना कळलं. कळूनही त्यांनी आठव्या माइकची वायर काढली नाही.

"बाबा, मी येते गायला," एका संध्याकाळी लेक म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून आली की आधी बापाचा डबा उघडून पाहायची, जेवलाय का म्हणून. "दोन जागा रिकाम्या झाल्यात. गुरुजी विचारत होते. आईच्या जागेवर उभी राहू?"

"तिथे नको."

"का? ती काय येणारेय परत?"

काकांनी डब्याचं झाकण जोरात लावलं.

"बरं, रागावू नका. मावशींच्या जागेवर राहते."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका प्रार्थनामंदिर सांभाळणाऱ्या गुरुजींकडे गेले. गुरुजी ओसरीवर चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत बसले होते. काकांनी सगळं सांगितलं. गुरुजींनी दोरा दाताने तोडला आणि काडी उघडून-मिटून पाहिली.

"अहो, ते म्हणायचं असतं," ते म्हणाले. "जागा राखली आहे, असं नुसतं म्हणायचं. खरंच राखायची नसते."

"मी फक्त माइक ठेवला."

"तेच तर. एवढ्या वर्षांत कुणी ठेवला नव्हता." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि त्याचा हिशेब ठरलेला आहे. एक आत आला की एक बाहेर जाणार. काढून टाका तो."

"काढतो."

"या आठवड्याला?"

"काढतो म्हटलं ना, गुरुजी."

त्या आठवड्याला त्यांनी माइक लावला. एकदाच, शेवटचं, असं मनाशी ठरवून लावला. तिच्या उंचीइतका खाली केला आणि जाळीवरची धूळ फुंकली.

प्रार्थना सुरू झाली. लेक पाचव्या जागेवर उभी होती, ड्युटीचे पांढरे बूट तसेच पायात. तिला सूर बरा होता, आईपेक्षा बराच बरा. शेवटचं कडवं आलं. हेडफोनमध्ये श्वास आला आणि आठवा काटा उठला. या वेळी काकांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी एकेक करून सगळे काटे पाहिले.

पाचवा आडवा होता.

लेक तोंड उघडून गात होती, तिच्या गळ्याची शीर ताणलेली दिसत होती. काट्याला मात्र तिचा पत्ता नव्हता. काकांनी पाचव्याची आवाज वाढवायची कळ पार वरपर्यंत ढकलली. काही नाही. आठव्याच्या कळीवर बोट ठेवलं. ते तिथेच थांबलं.

कडव्याची एक ओळ उरली होती. बायकोने ती म्हटली नाही. ती मध्येच थांबली, जशी कधी थांबली नव्हती, आणि तिने हळू विचारलं, "नीट येतोय का हो आवाज?"

अंगठा वर जायला लागला. काकांनी तो मुठीत दाबला.

"नाही गं," ते म्हणाले. "काहीच येत नाही."

पलीकडे क्षणभर श्वास ऐकू येत राहिला. काकांनी कळ खाली ओढली, वाकून वायर उपटली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले. वर पाहिलं, तर पाचवा काटा थरथरत उठत होता.

प्रार्थना संपली. लेक टेबलापाशी आली. "मध्येच काय झालं हो? कुणाशी बोलत होता?"

"वायर खराब झाली होती."

"आणि डोळ्यांना काय झालं?"

"तू घरी हो. बूट काढून जरा पाय वर करून पड. मी आवरून येतो."

ती गेल्यावर काका कामाला लागले. दर आठवड्याला ते माइक स्पिरिटच्या फडक्याने पुसत, कारण दुसऱ्याच्या तोंडची वाफ तिसऱ्याला नको, असा त्यांचा नियम होता. पहिल्यापासून सातव्यापर्यंत त्यांनी माइक पुसले आणि पेटीत ठेवले. मग ते आठव्याशी आले. त्याची जाळी ओली होती.

फडकं त्यांनी खिशात घातलं. माइक तसाच, न पुसता, मऊ कापडात गुंडाळला आणि दांडा सातव्याच्या उंचीला नेऊन भिंतीला टेकवला.