डाव्या बाजूचे आटे

कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात आयुष्य गेलेल्या टर्नरच्या अंगणात बावीस वर्षं उभ्या असलेल्या लष्करी गाडीला त्याची बायको 'नणंद' म्हणायची. का, असं कुणी विचारलंच तर सांगायची, "चार दिवसांसाठी म्हणून आली, सगळ्यात चांगली जागा अडवून बसली, आणि हिचं जरा दुखलं-खुपलं की घरादाराने पळायचं." पूर्वी टर्नर यावर मनापासून हसायचा. अलीकडे हसू येईनासं झालं होतं, कारण बायकोचं म्हणणं त्याला पटायला लागलं होतं.

लष्कराच्या लिलावातून त्याने आणि मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, मिळून ती आणली, तेव्हा तिच्या सीटमधून गवत उगवलं होतं आणि हॉर्नच्या भोंग्यात गांधीलमाश्यांनी संसार थाटला होता. तीन वर्षं नुसता गंज खरवडण्यात गेली. मग ब्रेक, मग वायरिंग. गिअरबॉक्स तर दोनदा उघडला, कारण पहिल्यांदा जोडून झाल्यावर एक वॉशर हातात उरला आणि तो कुठला हे दोघांनाही सांगता येईना. जोडताना मेहुण्याने तो चुकून खिशात ठेवला होता. तेव्हापासून शाळेत इमानेइतबारे कारकुनी केलेला हा माणूस घरात आणि गल्लीत वॉशर झाला. त्याची त्याला हरकत नव्हती. सडपातळ होता, कुठेही बसायचा.

टर्नरला माणसांची नोंद ठेवायची खोड होती. गाडीपाशी थांबून "काय हौस आहे हो तुम्हाला!" म्हणणारे किती, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यांतल्या किती जणांनी कधी दोन मिनिटं बॅटरी धरली, हेही पाठ होतं. एकानेही नाही. फोटो मात्र सगळ्यांनी काढले. शेजारच्या शिंप्याने तर गाडीला टेकून मुलीच्या सासरच्यांना फोटो पाठवला होता आणि गाडी कुणाची हे लिहायला सोयीस्कर विसरला होता.

गुरुवारी गाडीची सरकारी तपासणी होती. नापास झाली तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली की गाडी भंगारात. टर्नरच्या मनात काय होतं ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. गाडी नापास व्हावी, अशी त्याची इच्छा होती. खांदा वर जात नव्हता, गाडीखाली शिरलं की बाहेर यायला कुणाचा तरी हात लागत होता, आणि रविवार उजाडला की तो पांघरूण डोक्यावर ओढून घेत होता. पण "मला आता पुरे" हे म्हणायचं कुणाला? स्वतःची बायको वारल्यापासून वॉशर दर रविवारी आठच्या ठोक्याला हजर असायचा. त्या माणसाला गाडीखेरीज उरलंय काय? आपण हात झटकले तर तो जाईल कुठे? तपासणीतच काय ते झालं, तर कुणाचाच दोष नाही.

मंगळवारी दोघांनी पुढचं डावं चाक उतरवायला घेतलं. ब्रेकचं तेल गळत नाही ना, एवढंच बघायचं होतं. टर्नरने पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं वजन टाकलं. नट हलेना. आणखी जोर लावला. कडाक् असा आवाज झाला आणि नट ज्या दांड्यावर बसतो त्या स्टडसकट तुटून हातात आला. पान्याला दोष देत त्याने दुसऱ्या नटावर जोर काढला. तोही गेला.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि कानशिलं तापली. ह्या गाडीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे. सगळं जग जिकडे फिरवून नट सैल करतं, तिकडे फिरवलं की हे आवळतात. बावीस वर्षांत ही गोष्ट त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली होती. पंक्चरवाल्याला दोनदा. आणि आज, गाडीचा प्रत्येक खिळा ज्याच्या हाताखालून गेला, त्यानेच डोळे मिटल्यासारखा पाना उलटा ओढला होता.

वॉशरने सगळं पाहिलं होतं. त्याने तुटलेला तुकडा उचलला, शर्टाला पुसला, आणि म्हणाला, "गंजले असणार, भाऊजी."

"हो. गंजले असणार," टर्नर म्हणाला.

दर सहा महिन्यांनी ह्याच चार हातांनी त्या स्टडना ग्रीस लावलं होतं. गंज कुठून येणार?

तसं बघितलं तर आयतं निमित्त हाती आलं होतं. "आता दोन दिवसांत असले स्टड कुठून आणायचे?" टर्नर आवाज शक्य तितका दुःखी करून म्हणाला. "राहिलीच म्हण तपासणी."

"आणायचे कशाला? तुम्ही कराल की!" वॉशर लगेच म्हणाला, आणि असं काही हसला की टर्नरने निमूट तुटक्या स्टडचं माप घेतलं.

बुधवारी तो मागच्या खोलीतल्या छोट्या लेथवर उभा राहिला. उलटे आटे पाडायचे म्हणजे हत्यार नेहमीच्या विरुद्ध दिशेने न्यायचं. एरवी हे त्याने झोपेत केलं असतं. आज प्रत्येक फेरीला तोंडाने पुटपुटत होता. पहिला स्टड फुकट गेला. बायको दारात येऊन म्हणाली, "नणंदेसाठी जीव टाकताय. माझं कपाटाचं दार चार महिने एका बिजागरीवर लटकतंय."

"उद्या झालं की करतो."

"कुठल्या उद्या?"

गुरुवारी तपासनीस बाईंनी गाडीखाली वाकून पाहिलं, चाकांवर हातोडी वाजवली, ब्रेक दाबायला लावला. प्रत्येक वेळी टर्नरने श्वास रोखला. शेवटी त्यांनी विचारलं, "एवढी जुनी गाडी इतकी छान ठेवलीय. कोण बघतं हिचं?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"पास," म्हणत बाईंनी शिक्का मारला. "आता दोन वर्षांनी या."

दोन वर्षं. परतीच्या रस्त्यावर टर्नर मनात मोजत होता. शंभराहून जास्त रविवार. इंजिनाच्या धडधडीत त्याने अचानक तोंड उघडलं.

"मला कंटाळा आलाय!"

"काय?"

"कंटाळा!"

"आटा? कुठला?"

टर्नरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एवढ्या शांततेत आता बोलायची लाज वाटत होती. तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "मला होत नाही रे आता. नापास होईल म्हणून वाट बघत होतो. तुझ्यासाठी म्हणून चाललं होतं सगळं."

वॉशरने खोचलेला शर्ट बाहेर ओढला. त्याने शर्टाचं खालचं बटण काढलं. आत रुंद, घट्ट कंबरपट्टा होता, घामाने कडा काळ्या पडलेला.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "रविवारी बांधून येतो, सोमवारी दिवसभर आडवा असतो. मला वाटलं, गाडी गेली तर तुम्ही खचाल. ताईही तेच म्हणायची."

"ताई म्हणायची?"

"आणि ताईला मी तेच सांगायचो."

टर्नरने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "तिघंही गाढव."

"चौथी तेवढी शहाणी. पास झाली."

विकायची, हे मग दोन वाक्यांत ठरलं. शिक्का होता, चालती गाडी कुणीही नेईल. वॉशरने एकच विचारलं, तेही बाहेर बघत. "मग रविवारी काय करायचं?"

"ये की. आठला नको. दहाला ये. ताईच्या कपाटाचं दार बसवू. एकच बिजागरी आहे, बसून होईल."

"बसून होईल?"

"खुर्चीवर."

टर्नरने स्टार्टर दाबला. इंजिन फिरलं, पण पकडेना. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला होता. नेहमीचंच दुखणं. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि तो निवेपर्यंत अर्धा तास थांबायचं. ढकलायचं नाव दोघांनीही काढलं नाही. टर्नरने बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून बॉनेट उघडं ठेवलं. परत आला तर वॉशर मान टाकून झोपला होता, तोंड उघडं, कंबरपट्ट्याचा हूक सैल सोडलेला.

अर्ध्या तासाने टर्नरने पंपाला हात लावून पाहिला. गार होता. आत वॉशर अजून घोरत होता. त्याने बाटलीत उरलेलं पाणी पुन्हा फडक्यावर ओतलं आणि सावलीच्या बाजूने फुटबोर्डवर बसून राहिला.