जेवण संपल्याची धून

संघर्षने शेवटचे चार सूर वाजवले, की चाकणच्या त्या कारखान्यातली अख्खी कँटीन ताटावरून उठायची.

पुन्हा एकदा, जरा मागून.

वडील भीमराज थेरगावात राहायचे, कंपनीत लेथ चालवायचे. भीमजयंतीच्या गाण्यांना पोरगा पेटी धरायचा. पुढे ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड आला, मग चिंचवडच्या एका हॉटेलातला खराखुरा पियानो. तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर वादकाने त्याच्या कानात जॅझ घातला. म्हणाला, धून म्हणजे घर. तिथून निघायचं, मन मानेल तसं हिंडायचं, वाटलं तर परतायचं. संघर्ष निघाला तो निघालाच. हॉटेलने पियानो विकला, तेव्हा ताथवड्याच्या एका कॉलेजच्या रेडिओवर तो दर रविवारी जॅझ ऐकवू लागला. ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण हा बोलायचा असा, जणू सगळं शहर कान देऊन बसलंय.

पोटासाठी मात्र कारखान्याचं स्टोअर. तिथल्या साहेबांनी त्याचा आवाज ऐकला आणि कँटीनच्या कोपऱ्यात काचेची केबिन उभी करून दिली. जेवणाच्या सुट्टीत कंपनीचा रेडिओ: कुणाचा वाढदिवस, सेफ्टीच्या सूचना, थोडं कीबोर्डवर वाजवणं. कार्यक्रम संपवायला म्हणून त्याने चार सूर जुळवले. सहज, एक चाळा.

चाळ्याचा भोंगा झाला.

एकदा त्याने तो शेवट बदलला आणि भलत्याच सुरावर नेऊन सोडला. कुणी उठेचना. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, पण घड्याळ बघून उठणारा माणूस तिथे उरलाच नव्हता. लाइन थांबली. संघर्षला लेखी समज मिळाली. वाढपाच्या कौशल्याबाईंनी तोंडी दिली ती वेगळी. "भाऊ, तुमचं शेवटचं वाजल्याबगर आमाला ताटं उचलता येत न्हाईत. नीट वाजवत जावा की."

तेव्हापासून रोज तेच, तसंच. एकदा वाजवलेलं पुन्हा तसंच वाजवायचं नाही, हे ज्याचं व्रत, त्याला पगार नेमका त्याच्याउलट वागण्याचा.

पुन्हा एकदा. आता आज.

एचआरचा निरंजन सकाळीच सांगून गेला होता. सोमवारपासून रेकॉर्डिंग लागणार. आजचं वाजवणं टिपून घ्यायचं, मग संघर्षने पूर्णवेळ स्टोअर सांभाळायचं. "तुमचीच धून राहणार, सर. कायमची," तो कौतुकाने म्हणाला होता.

कायमची. दुपारपर्यंत तो शब्द संघर्षच्या घशाखाली उतरला नाही. पण वाजवलंच नाही, तर टिपणार काय? त्याने ठरवलं, आज ते चार सूर नाहीत.

माइक सुरू झाला. वाढदिवस झाले, हेल्मेटची सूचना झाली. आणि तो घरातून निघाला.

डावा हात चालत राहिला, उजवा भरकटला, ठेचकाळला, सावरला. त्यात वडिलांचा लेथ आला, जयंतीची पेटी आली. पुढचा सूर कुठला, हे कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याला ठाऊक नव्हतं. शेवट जवळ आला. त्याने वळसा घातला. पुन्हा आला. पुन्हा वळसा. केबिनच्या उघड्या दारापलीकडे सगळे रिकाम्या ताटांपुढे खरकटे हात वाळवत बसलेले. निरंजन काचेवर टकटक करू लागला. कौशल्याबाईंचे हात कमरेवर.

संघर्षने बोटं उचलली. धून उघडीच सोडली.

कुणी हललं नाही.

मग मागच्या बाकावर कुणीतरी ताटावर चमचा मारला. एक. शेजारच्याने दुसरा. तिसरा सगळ्या रांगेने. चौथा अख्ख्या कँटीनने एकदम, आणि हसत, बाकं सरकवत सगळे उठले.

"काय राव, इसरलात व्हय?" जाता जाता एकाने दारातून डोकं आत घातलं. "असू द्या. आमी हाय की."

माइक चालूच होता. निरंजन आत आला, हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा खुलला. "शेवट काय भारी आलाय, सर. ताटांसकट. हाच ठेवू. मधलं तेवढं कापून टाकतो."

संघर्ष त्याला काही सांगायला खुर्चीतून उठणार होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण बसलेलो नाही. चौथ्या ठोक्याला, सगळ्यांबरोबर, तोही उठून उभा राहिला होता.