कंटाळून शिवलेला पट्टा

आजारी माणसाला धरून उठवायचे कमरेचे पट्टे बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटचं पहिलं पान तिने सहाव्यांदा रचलं, तेव्हा तिची स्वतःचीच कंबर धरली होती. मालकांना त्या पानावर गोष्ट हवी होती. "नुसते पट्टे दाखवू नका. माणूस वाचत वाचत खाली गेला पाहिजे," ते म्हणायचे. आणि गोष्ट सांगा म्हटलं की एवढंच सांगायचे, वडिलांनी एका खोलीत एक स्वप्न पाहिलं.

बारा वर्षं ती अशी पानं करत होती. साबणवाल्यांच्या वडिलांनी स्वप्न पाहिलं होतं, कुलूपवाल्यांच्या आजोबांनीही. एवढी स्वप्नं बघायची, मग ही माणसं कामं कधी करायची, असं तिने एकदा नवऱ्याला विचारलं होतं. "झोपेत," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

सहावं पानही परत आलं. छान आहे, पण भिडत नाही. सातव्यासाठी तिच्याकडे शब्दच उरले नव्हते. म्हणून फोटोंचं निमित्त काढून ती कारखान्यात गेली.

खिडकीपाशी मालकांची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची, मांडीवर पट्ट्यांचा ढीग. प्रत्येक बक्कल दोनदा ओढून बघत होती. जिना चढून दमलेली ही तिच्या शेजारी टेकली.

"आजी, पहिला पट्टा कोणी केला?"

"मी. यांचं कॅन्व्हासचं जुनं दप्तर फाडून."

"आणि स्वप्न?"

"कसलं स्वप्न? हे अंथरुणाला खिळलेले. रोज मीच उठवायची, मीच बसवायची. सात महिने. माझे हात गेले कामातून. एके दिवशी म्हटलं, आता पुरे. बसले शिवायला."

"त्यांच्या काळजीपोटी ना?"

म्हातारीने बक्कल ओढून पाहिलं. "कंटाळून गं. काळजी होतीच की, पण काळजीने कोणी दप्तर फाडत नाही."

तिने ऑफिसात येऊन ते जसंच्या तसं उतरवलं. वर कारखान्याची इमारत नाही, झेंड्यासारखं फडकणारं बोधवाक्य नाही. आधी ते दप्तर, मग आजींचे हात, मग सात महिने, आणि पट्टे पार खाली. मालकांना दाखवलं तेव्हा त्यांनी 'कंटाळून'वर बोट ठेवलं.

"आईला कंटाळलेली दाखवायची? लोक काय म्हणतील? तिथे 'प्रेमाने' करा."

वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. "तुम्हीच त्यांना वाचून दाखवा," ती म्हणाली. "त्या म्हणतील तसं करते."

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"आई म्हणते, बरोबर आहे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला वाटायचं, बाबा आपोआपच उठून बसतात." मग म्हणाले, "राहू द्या 'कंटाळून'. पण इमारतीचा फोटो कुठेतरी घालाच. नवा रंग दिलाय."

इमारत तळाशी गेली. पान सुरू झालं. तिने सुटकेचा श्वासही सोडला नाही. पुढचं काम पंखेवाल्यांचं होतं आणि त्यांच्या काकांनी काय पाहिलं असेल ते तिला माहीत होतं.

आठवड्याने पानावरून एका बाईचा निरोप आला. त्यात लिहिलं होतं, 'पट्टा नको. मी नवऱ्याला दीड वर्ष उचलते आहे. घरचे म्हणतात, कंटाळा आला असं म्हणू नये. त्या आजी आहेत का अजून? बोलतील का?'

तिने तो निरोप दोनदा वाचला आणि मालकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं की आई काल दुपारभर फोनवर होती आणि बक्कलं तशीच पडून राहिली.

"काय बोलल्या एवढं?" तिने विचारलं.

"मला खोलीबाहेर काढलं होतं," मालक म्हणाले.