गवत आखूड असतं तेव्हा

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंनी एप्रिलचा हट्ट धरला, आणि घरात सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

वाटणारच की! आफ्रिकेला जाऊन मोकळ्या रानातले प्राणी बघायची हौस मुळात कुणाची? काकूंची. तीही आजकालची नाही, लग्नाआधीपासूनची. टीव्हीवर जिराफ दिसला की गॅसवरची भाजी करपली तरी बाई जागची हलायची नाही. पिंजऱ्यातलं जनावर मात्र त्यांना बघवायचं नाही. आणि आता लेक सगळं जुळवून द्यायला बसली, तर ह्यांना जायचंय कधी? तिकडच्या ऐन पावसात.

लेक दुसऱ्या शहरात एका प्रवासी कंपनीत होती. लोकांना सफारीला धाडणं हेच तिचं काम, त्यामुळे तिला फसवायचीही सोय नव्हती. फोनवर आईला समजावता समजावता तिचा घसा बसायची वेळ आली होती.

"आई, एप्रिलमध्ये तिकडे मोठा पाऊस असतो. गवत छातीएवढं वाढतं. सिंह हाकेच्या अंतरावर बसला असला तरी त्याचं शेपूट दिसायचं नाही. गाड्या चिखलात रुततात, मुक्कामाच्या निम्म्या छावण्या बंद असतात. सप्टेंबरात जा ना! सगळं सुकलेलं असतं, गवत आखूड. पाणी मोजक्याच जागी उरतं, म्हणून प्राणी आपणहून तिथे येतात. तू नुसतं गाडीत बसून बघायचंस."

"मला पाऊस आवडतो," काकू म्हणाल्या.

"तुला? चार थेंब पडले की खिडक्या लावून शिंकत बसतेस तू!"

खरं कारण बाहेर काढायची काकूंना चोरी होती.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुरुस्त केलेली फ्रेम द्यायला काकू स्वतः गेल्या. डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, "मी सांगू नये असं तुमच्या यजमानांनी बजावलंय, पण माझ्याने राहवत नाही. त्यांच्या उजव्या डोळ्याची मधली नजर गेली आहे. डावाही त्याच वाटेवर आहे. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. पण समोरचं, नेमकं, म्हणजे अक्षर, चेहरा, हे पुसत जाणार. डाव्याचे दोन-तीन महिने धरा. काय दाखवायचं ते त्यांना लवकर दाखवा."

काकू कशाबशा घरी आल्या. आणि हा माणूस संध्याकाळी काय म्हणतो? "आज तुझा चेहरा उतरलेला दिसतोय." दिसतोय म्हणे! काकूंनी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

काकांनी साऱ्या गावाच्या डोळ्यांवर चष्मे चढवले होते. नंबर काढायला दुसरं माणूस येऊ लागलं, तरी दुकानातली खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. फ्रेमच्या दांड्या वाकवणं, सैल स्क्रू पिळणं ही कामं त्यांची बोटंच करायची, तिथे डोळ्यांना विचारतंय कोण! सकाळी पेपर उघडून बसायचे, पान उलटायचे, हुं हुं करायचे. काकू मनात म्हणायच्या, चला, डावा डोळा अजून साथ देतोय. चष्मेवाल्याचेच डोळे गेले हे चारचौघांत कळू नये म्हणून त्यांची धडपड चालली होती. आता ह्या मानापुढे काय बोलणार? नवऱ्याचं हे झाकलेलं दुखणं उघडं करण्यापेक्षा आपण येडं ठरलेलं बरं, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. म्हणून पाऊस आवडतो म्हणायचं. म्हणून एप्रिल. छातीएवढ्या गवतातून एखादा हत्ती तर डोकं वर काढेल! तेवढा ह्यांनी बघितला की पुरे. जे जन्मभर एकटीने टीव्हीवर बघितलं, ते एकदा दोघांनी मिळून बघायचं होतं.

आणि काका? ते सप्टेंबरवर अडून बसले होते. जीव तोडून एप्रिल मागावा तो ह्यांच्यासाठी, आणि फाटे फोडणार हेच.

त्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. काकू काउंटरमागे फ्रेम पुसत होत्या, काका आपल्या खुर्चीत. लेकीचा फोन आला, तो स्पीकरवर टाकून काकूंनी काचेवर ठेवला.

"आज मला एक काय ते सांगा," लेक म्हणाली. "मी जागा धरून ठेवल्यात, उद्या सोडाव्या लागतील. बाबा, तुम्ही बोला."

"सप्टेंबर," काका म्हणाले.

"एप्रिल!" काकूंचा आवाज एवढा चढला की बाहेर जाणारं कुणीतरी थबकून आत डोकावलं. "मी एप्रिल म्हणते म्हणजे एप्रिल. नाहीतर मला जायचंच नाही."

मग लेकीने हळूच विचारलं, "आई, तू काही लपवतेयस का? कुणाला बरं नाहीये का?"

काकूंचा तोल गेला तो इथे. लेकीचा तो घाबरलेला आवाज ऐकून त्यांच्या तोंडून निसटलंच, "अगं, ह्यांचे डोळे..."

"डोळे?" काका मोठ्याने हसले. हसले खरे, पण खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तुझ्या आईला कुणीतरी काहीबाही सांगितलंय. ऐक तू, फोनवर नीट ऐक. उजवा झाकतो आणि डाव्याने वाचून दाखवतो."

त्यांनी बसल्या बसल्या हात लांब करून बटण दाबलं. समोरच्या भिंतीवरची अक्षरांची पेटी उजळली. उजव्या डोळ्यावर तळवा धरून, मान ताठ करून ते वरपासून वाचू लागले. "ग. मग न, ल. खाली प, ट, र. त्याखाली व, म, ख, स." सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत ते पोचले, कुठे अडखळले नाहीत, कुठे थांबले नाहीत. शेवटची बारीक ओळ तर जरा ऐटीतच म्हटली.

"घ्या!" फोनमधून लेकीचा जीव भांड्यात पडल्याचा आवाज आला. "बाबांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय. आई, काय गं तू! केवढी घाबरले मी."

काकू पेटीकडे बघत होत्या.

पेटीत काहीच नव्हतं. अक्षरांची काच त्यांनीच सकाळी साबणाने धुवायला काढली होती. ती मागे मोरीपाशी निथळत उभी होती, आणि गिऱ्हाइकं आली म्हणून परत बसवायची राहून गेली होती. भिंतीवर नुसता पांढरा उजेड होता, आणि त्या कोऱ्या उजेडाकडे बोट करून त्यांचा नवरा ओळीमागून ओळ वाचत गेला होता.

डावाही गेला होता. कधी गेला कुणास ठाऊक! डॉक्टरांचे दोन-तीन महिने, काकूंचा एप्रिल, गवतातून डोकं काढणारा तो हत्ती, सगळंच फोल होतं. हातातली फ्रेम त्यांनी खाली ठेवली. मोठ्याने रडावंसं वाटत होतं आणि रडायची सोय नव्हती. त्यांना त्या माणसाचा रागही आला, अगदी मनापासून आला. एवढं एकट्याने सोसायचं? मी कोण मग?

"मग काय करू?" लेकीने विचारलं.

काका म्हणाले, "सप्टेंबर कर. तिची हौस आहे, तिला चांगलं दिसलं पाहिजे. गवत आखूड असेल, पार लांबवर दिसेल तिला. एवढा खर्च करून तिने चिखल बघून यायचा का?"

तिला, तिने. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. ह्यांना सगळं ठाऊक होतं तर. एप्रिल काय आणि सप्टेंबर काय, आपल्याला सारखंच, हे जाणून ते इतके दिवस बायकोसाठी भांडत होते.

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि फोनजवळ तोंड नेलं. "सप्टेंबर," त्या म्हणाल्या.

"आई! पटलं एकदाचं तुला!"

"पटलं गं बाई. आता एक विचारते. गाडीत आम्हाला अगदी शेजारी शेजारी बसता येईल ना?"

"येईल की. का?"

"मला बोलावं लागेल."

"छे छे, आई, तिथे गप्प बसायचं असतं. आवाज झाला की प्राणी जातात."

"हळू बोलेन," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या कानात."

काकांचा हात अजून उजव्या डोळ्यावर होता, तो त्यांनी खाली घेतला. लेक काहीतरी तिकिटांचं सांगत होती, ते दोघांनाही ऐकू येत नव्हतं. फोन बंद झाल्यावर काकांनी हात लांब करून त्या उजळलेल्या पेटीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "हळू बोल. पण काही गाळू नकोस."