एक मिनिट, आत बघून येतो

साठाव्या वाढदिवसाला काय हवं, असं मी आईला महिनाभर आधीच विचारून ठेवलं होतं. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "हॉटेलात बसून, दुसऱ्याने वाढलेलं, गरम, आणि शेवटपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच काय, चार गोष्टी आहेत त्यात."

चारपैकी दोन तिला आजवर मिळाल्या होत्या. बसणं आणि वाढलेलं. पुढच्या दोहोंच्या आड बाबा येत.

बाबा अन्न निरीक्षक होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला. बाकी सगळं चालू आहे. लोकांच्या खिशाला पेन असतं, बाबांच्या खिशाला थर्मामीटर असतो, आणि तो तापासाठी नसतो. लग्नानंतर ते पहिल्यांदा आईला हॉटेलात घेऊन गेले, ताटं समोर आली, आणि बाबा उठले. म्हणाले, "एक मिनिट, आत बघून येतो." बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "उठा." ते एक मिनिट छत्तीस वर्षं चाललंय. आमच्या गावातल्या प्रत्येक हॉटेलातलं सूप मी बघितलंय. चव एकाचीही सांगता येणार नाही.

म्हणून या वेळी मी पक्कं काम केलं. आम्ही तिघं तीन दिवसांच्या सहलीला दुसऱ्या गावी आलो होतो. शेवटच्या संध्याकाळचं टेबल मी महिनाभर आधी राखून ठेवलं आणि निघायच्या दिवशी मॅनेजरला फोन करून विश्वासात घेतलं. म्हटलं, सोबत माझे वडील आहेत, अन्न निरीक्षक, जेवायच्या आधी तुमचं स्वयंपाकघर बघतील, तेव्हा जरा चकाचक ठेवा. 'निवृत्त' हा शब्द मी गाळला. वजन पडावं म्हणून.

सव्वासातला आम्ही हॉटेलच्या दारात उभे राहिलो. आईने नवी निळी साडी नेसली होती आणि दुपारी मुद्दाम कमी जेवली होती. दारावर पाटी होती, 'तातडीच्या दुरुस्तीसाठी बंद'. शाई अजून ओली होती. पडद्याच्या फटीतून आत शिडीवर चढून छत घासणारा एक माणूस दिसत होता. त्याने बाबांचा खिसा बघितला आणि दिवे घालवले.

मी कोपऱ्यावर जाऊन मॅनेजरला फोन लावला.

"तुम्हीच सांगितलंत म्हणून बंद केलं, साहेब," तो कुजबुजला. "तीन दिवसांत एवढं आवरत नाही हो."

"अहो, निवृत्त आहेत ते."

पलीकडे घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"हे आधी नाही का सांगायचं? मी बाकीच्यांनाही कळवून बसलोय."

"बाकीचे म्हणजे?"

"रस्त्यावरचे सगळे. संघटना आहे आमची."

मी फोन खिशात घातला आणि आई-बाबांना घेऊन पुढे निघालो.

हॉटेलांचा तो रस्ता लांबलचक होता. आम्ही चालत होतो आणि आमच्या दहा पावलं पुढे शटर पडत होतं. एक पडलं की दुसरं. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं, आम्हीच ओढत चाललोय. आतली गिऱ्हाइकं बाहेर काढली जात होती. कुणाच्या गळ्यात अजून रुमाल, कुणाच्या हातात चमचा. एक गृहस्थ थाळीसकट फुटपाथवर बसले होते आणि शांतपणे जेवत होते. आई त्यांच्यापाशी थांबली.

"गरम आहे का हो?"

"होतं," ते म्हणाले.

बाबा मात्र खूश होते. "बघ, याला म्हणतात शिस्त. सगळ्या गावाने एकाच दिवशी दुरुस्ती काढली. आपल्याकडे कधी बघितलंस का असं?"

मी नाही म्हटलं. खरं सांगायची सोय नव्हती. खरं कळलं असतं तर बाबा प्रत्येक शटर वाजवून आत गेले असते आणि पहाटेच्या गाडीपर्यंत अहवाल लिहीत बसले असते. लॉजवर रात्री फक्त चहा मिळत होता. नऊला आईची गोळी होती, ती पोटभर जेवणानंतरची. आठ वाजायला आले होते.

आईने पर्स उघडली आणि बिस्किटांचा पुडा काढला. ही पर्स आमच्या घरात छत्तीस वर्षांत तीनदा बदलली, पुडा कायम आहे. हॉटेलातून उठून आल्यावर आमचं जेवण त्यातूनच होतं.

"घे एक. तोंड बघ कसं झालंय तुझं."

"आई, मी काहीतरी करतो."

"अरे, नको जिवाला लावून घेऊस. मागून बघितलं एकदा. परत नाही मागणार."

हे ती चिडून म्हणाली असती तर मी सुटलो असतो. ती पुड्याला रबर लावता लावता म्हणाली. मी बिस्कीट खिशात ठेवलं. ते खाल्लं असतं तर वाढदिवस तिथेच आटोपला असता.

रस्ता संपतो तिथे कचऱ्याच्या पेटीशेजारी एक लहानसं हॉटेल उघडं होतं. आठ टेबलं. सात भरलेली, सगळी वरच्या हॉटेलांतून हाकललेली माणसं. दारात मालकीणबाई उभ्या होत्या, कोपरापर्यंत पीठ. त्याच आचारी, हे उघड होतं.

"बसा, पण वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "माझे दोघं मदतनीस आत्ताच मागच्या दाराने पळाले. शेजारच्या वेटरने कानात काहीतरी सांगितलं आणि धूम. मला कुणी काही सांगत नाही. या पेटीवरून भांडले मी, तेव्हापासून संघटनेतून बाहेर आहे."

मी छताचा पंखा बारकाईने बघितला.

आम्ही बसलो. आईने पाण्याचा पेला सरळ केला. बाबांनी खुर्ची मागे सरकवली.

"एक मिनिट."

मी त्यांची बाही धरली. आयुष्यात पहिल्यांदाच. "बाबा, आजच्या दिवस राहू दे."

"फक्त बघून येतो."

"बघून आलात की तुम्ही 'उठा' म्हणता."

"चांगलं असेल तर कशाला म्हणेन?"

"छत्तीस वर्षांत एकदा तरी चांगलं निघालं?"

बाबा प्रामाणिक माणूस. त्यांनी खरोखर आठवून बघितलं. "एकदा निघालं. पण ते हॉटेल बंद पडलेलं होतं."

आणि ते आत गेले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती, स्टेशनवर बसतात तशी. मी मनात 'उठा' ऐकायची तालीम करत होतो. पंधराव्या मिनिटाला राहवलं नाही, आत गेलो.

आत बाबा होते. अंगात फुलाफुलांचा एप्रन, डोक्याला कागदी टोपी, दोन्ही हातांनी एक भलंमोठं पातेलं तिरकं धरलेलं. मालकीणबाई त्यातून सूप वाढत होत्या.

"यांना मी म्हटलं, बघत काय उभे राहिलात, हे धरा," त्या मला म्हणाल्या. "कोण आहेत माहीत नाही, पण कामाचे आहेत. आल्या आल्या कच्च्याची फळी वेगळी आणि शिजलेल्याची वेगळी केली."

"फडका खराब होता, तोही उकळला," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि दहा वर्षांनी लहान. उभ्या नोकरीत त्यांनी हजारो स्वयंपाकघरांत डोकं घातलं, पण हातात कुणी काही दिलं नव्हतं. मग ते माझ्यावर कडाडले, "तू बाहेर हो आधी. टोपीशिवाय आत यायचं नाही."

मी बाहेर आलो. खिडकीतून बाबांचा आवाज आला, "टेबल आठ, दोन सूप, पंचाहत्तर अंश." वाट्या मीच उचलून आणल्या.

आईने पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"काय झालं?"

"भाजलं," ती म्हणाली. बक्षीस लागलेल्या माणसाच्या आवाजात.

मग ती फुंकर घालत जेवायला लागली. हॉटेलात आईला फुंकर घालताना मी कधीच बघितलं नव्हतं. मला ते सोसेना, मी सगळं सांगून टाकलं. फोन, संघटना, शटरं, पळालेले मदतनीस. आईने वाटी तिरकी करून शेवटचं सूप घेतलं.

"निवृत्त शब्द गाळलास?"

"हो."

"त्यांनी स्वतः तरी तो शब्द कुठे मानलाय अजून. मासा झाला का बघ."

मासा झाला होता. मागोमाग भाजलेले बटाटे आले, मग भात. आईने प्रत्येक ताटली पुसून खाल्ली. आम्हाला कुणीच 'उठा' म्हणत नव्हतं आणि दोघांनाही त्याची सवय व्हायला थोडा वेळ लागला. शेवटी बाबा स्वतः गोडाची वाटी घेऊन आले, थर्मामीटर पुढे धरून.

"थांब, बघू दे किती आहे."

"अहो, मी खायला लागले," आई म्हणाली. खरंच लागली होती.

बाबा थर्मामीटर हातात घेऊन उभे राहिले. "कसं आहे?"

"गरम आहे."

त्यांनी मान हलवली. आतून मालकीणबाईंनी हाक मारली. बाबा म्हणाले, "एक मिनिट."

"सावकाश या," आई म्हणाली.

नऊ वाजता सगळं संपलं. बाबांसाठी काही उरलं नाही, म्हणून मालकीणबाई हळहळत होत्या. बाबा म्हणाले, "उरायला नकोच. उरलेलं ठेवणं धोक्याचं." एप्रन त्यांनी घडी करून परत दिला, टोपी खिशात घातली.

लॉजवर आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले. कानाला पीठ लागलेलं, पोट बोलत होतं, आम्हाला ऐकू येत होतं. आईने गोळी घेतली, जेवणानंतरची, आणि पर्समधून पुडा काढून त्यांच्यापुढे धरला. बाबांनी तो उलटा करून तारीख वाचली. मग एक बिस्कीट काढलं.

"अहो," आई पांघरूण घेत म्हणाली, "खाताय खरे, पण कारखाना आतून बघितलात का?"

बाबांचा हात हवेत थांबला. त्यांनी बिस्किटाकडे बघितलं, मग आईकडे.

"आजच्या दिवस राहू दे," ते म्हणाले. आणि पुडा संपवला. मग माझ्या खिशातलंही मागितलं.