खोडाला लागणारं फळ

कोशकारांनी पार्सलमधून आलेलं फळ कानाशी धरून हलवलं. आत बी खुळखुळली. चटका बसल्यासारखं त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"असं फळ नसतंच," ते म्हणाले.

"अहो बाबा, समोर आहे की!" सून म्हणाली. वृक्षकोशाची नवी आवृत्ती आता तीच बघत होती, आणि याच झाडाची नोंद वगळायचं कालच ठरलं होतं.

कारण हे झाड कोशकारांनी स्वतः रचलं होतं. तीस वर्षांपूर्वी, कोश ढापणारे पकडता यावेत म्हणून एक खोटी नोंद हवी होती. त्यांनी एका बैठकीत ती लिहून काढली: साल कागदासारखी सुटते, पान एकाच बाजूने कातरलेलं, फळ थेट खोडाला, पिकलं की आत बी खुळखुळते. चित्र बायकोने काढलं, एकदाही काही न विचारता. नोंद खोटी आहे हे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. आपल्या कल्पनाशक्तीवर मात ते तेव्हा जाम खूश होते.

आता पार्सलमध्ये फळाखाली एक पानही निघालं, एकाच बाजूने कातरलेलं. त्यांनी ते चित्रावर ठेवलं. शीर न् शीर जुळली. त्यांचं डोकं चालेनासं झालं. कुणी थट्टा करतंय म्हणावं, तर गुपित सुनेला कळलं तेच मुळी काल.

तळाशी चिठ्ठी होती, मेहुण्याची. सुनेने ती वाचली.

"भाऊजी, परसातलं झाड वाऱ्याने पडलं. हे शेवटचं फळ. ताई गेली त्याच्या आदल्या वर्षी मला म्हणाली होती, 'माझं बोलणं ह्यांच्या कानावरून जातं असं वाटायचं रे. पण एक शब्द विसरले नाहीत. माझं अख्खं झाड पुस्तकात घातलं.' पुस्तकातलं ते पान ती येईल त्याला दाखवायची."

सासुरवाडीला कोशकार नेहमी बाहेरच्या खोलीतच बसायचे. झाडांचा कोश करणारा माणूस, पण परसात कधी गेला नव्हता. बायको झाडाविषयी काय बोलायची ते त्यांना काही केल्या आठवेना. पेपरमागून आपण "हं, हं" म्हणायचो, तेवढं आठवलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग नोंद काढायची ना, बाबा?" सुनेने हळूच विचारलं.

त्यांनी कागद पुढे ओढला, सगळी नोंद बोट ठेवून वाचली, आणि शेवटचं एकच वाक्य खोडलं: 'फळ बेचव असते.'

"एवढंच माझं होतं," ते म्हणाले. "सुरी आण."