नज्मा क्लबचा पहिला करंडक

महदियाच्या बंदरावरचा नज्मा क्लब पाटीवर ‘बहुक्रीडा मंडळ’ होता. आत मात्र फुटबॉल सोडला तर बॉक्सिंगचा दीड जोड हातमोजे, व्हॉलीबॉलची अर्धी जाळी (उरलेली अर्धी कुणीतरी मासे धरायला नेली होती) आणि पोस्टमन हम्मादीची सायकल, एवढाच संसार. क्लबला सत्तावीस वर्षं झाली होती. करंडकांसाठी अक्रोडाचं देखणं कपाट केलं होतं. त्यात कार्यकारिणीचे चहाचे पेले असत.

१९६३च्या वसंतात राजधानीहून पत्र आलं. चार खेळ दाखवा, शिवाय बायकांचा विभाग दाखवा, नाहीतर मैदान जाईल. गुरुवारी निरीक्षक येणार.

क्लबचे चिटणीस सी मोंजी (तिकडे ‘सी’ म्हणजे श्रीयुत) धंद्याने न्हावी. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून ते क्लबच्या परसात धावले. तिथे खाला मन्नूबिया खेळाडूंचे सदरे धोपटत बसली होती. वय एक्कावन्न, चार लेकांची लग्नं उरकलेली, दंड असे की कोळीसुद्धा वाट सोडत.

“खाला, तुझं नाव लिहितो.”

“कशात? कुणी मेलंय का?”

“बायकांच्या विभागात. फक्त नाव. गुरुवारी नुसती उभी राहा.”

“उभी कशाला राहू? काम नाही का मला? खेळ कुठला ते सांग आधी.”

सी मोंजींनी डोकं खाजवलं. कोठीच्या यादीत फ्रेंचांच्या काळातला एक लोखंडी गोळा होता. “गोळाफेक!” ते म्हणाले. “पण तो गोळा गेला कुठे, देव जाणे.”

“जाईल कुठे? माझ्या ऑलिव्हच्या पिंपावर आहे. नऊ वर्षं झाली. त्याच्यासारखं दाबत नाही दुसरं काही.”

“खाला, ती क्लबची मालमत्ता आहे!”

“मग ऑलिव्ह खाताना नाही आठवलं ते?”

घरी नवरा सालेमने ऐकलं आणि भाकरीचा घास तसाच हातात राहिला. “लोक हसतील गं.”

“हसू देत. तू तीस वर्षं मासे पकडतोस, तेव्हा मासे नाही हसले?”

गुरुवारी निरीक्षक आले. चष्मा, वही, ओठांवर सुपारीएवढंही हसू नाही. सायकल विभाग म्हणून हम्मादी मैदानाला एक फेरी मारून जो फाटकाबाहेर गेला तो परतलाच नाही. पिशवीत पत्रं होती. बॉक्सिंगला दोन साडू उभे केले होते. त्यांनी लुटुपुटीचं सुरू केलं, मग एकाला सासऱ्याच्या घराची वाटणी आठवली आणि त्यांना सोडवायला सहा जण लागले. व्हॉलीबॉलवाल्यांनी जाळी अर्धी म्हणून अर्धाच डाव दाखवला. निरीक्षक लिहीत होते.

“बायकांचा विभाग?”

खाला पुढे आली. डोक्यावरून घ्यायची पांढरी चादर, सफसारी, अंगभर लपेटलेली, तिचं टोक दातांत घट्ट. गोळ्याला खारवणाचा वास. तिने तो तळहातावर तोलला आणि एकदा सी मोंजींकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले. मग दातांतलं टोक न सोडता “अंम्म्!” केलं आणि फेकला.

गोळा चुन्याच्या रेघा ओलांडून गेला आणि टप्पा खाऊन गोलच्या लाकडी खांबावर आदळला. खांब जरा विचार करून आडवा झाला.

“रविवारी मॅच आहे!” फुटबॉलचा कप्तान ओरडला.

निरीक्षकांनी स्वतः फीत धरली. आठ मीटर नव्वद. मग पहिल्यांदाच त्यांनी चष्मा काढला. “बाईंना पुढच्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेला पाठवा.”

“पाठवू की,” सी मोंजी पुटपुटले.

महिनाभर खाला रोज पहाटे समुद्राकाठी गोळा फेकत होती. सालेम तो आणून देई आणि कुरकुरे, “बाई, जरा जवळ फेक.” पुढेपुढे तो अंतर मोजायला लागला आणि चहाच्या दुकानात आकडा वाढवून सांगायला लागला.

स्पर्धेला एकंदर चारच बायका होत्या. बाकीच्या तिघी शाळेच्या मुली, चड्ड्यांत, सडसडीत. त्यांनी खालाला आधी कुणाची तरी आई समजून बसायला जागा दिली. नंतर तिला पहिला नंबर मिळवून देणाऱ्या फेकीवर, नऊ मीटर पंचवीसवर, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. खालाने तिघींना जवळ घेतलं आणि म्हणाली, “पोरींनो, जेवत जा.”

परतीच्या बसला सामोरं जायला अख्खं बंदर रस्त्यात उभं. सी मोंजींनी भाषण केलं: कार्यकारिणीने दीर्घ विचाराअंती महिला विभाग स्थापन केला. खाला मधेच म्हणाली, “दीर्घ कुठला? तुझ्या गिऱ्हाइकाची दाढी अर्धी होती.” लोक इतके हसले की बँडवाल्यांचा सूर गेला. फुटबॉलचा संघ जरा मागे उभा होता, मान खाली घालून. पण करंडक हातात घेऊन पाहायची पाळी आली तेव्हा सगळ्यांत जास्त धक्काबुक्की त्यांनीच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सार्डिनच्या कारखान्यातल्या सात बायका क्लबच्या दारात उभ्या होत्या. सी मोंजींनी वही उघडली.

“कुठला खेळ लिहू?”

सातजणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतली थोरली म्हणाली, “ज्यात नवरे बघायला येऊ शकत नाहीत, तो कुठलाही.”